आकडे पोचले, कृती हरवली

समजा, जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत आपण ‘वर्तुळ’ हा वर्ग लिहिला. प्रत्येक वर्तुळाजवळ फक्त त्रिज्या असते. क्षेत्रफळ काढण्याची कृती सर्वांच्या सामाईक नमुन्यात, म्हणजे प्रोटोटाइपमध्ये असते. वर्तुळ जेसन मजकुराच्या रूपात दुसऱ्या संगणकाकडे पाठवले, तर त्रिज्या पोचते, नमुन्याशी असलेला दुवा मात्र तुटतो. मग क्षेत्रफळ विचारताच प्रोग्रॅम अडतो. २०१५च्या प्रमाणभाषेत आलेली ‘सेट-प्रोटोटाइप-ऑफ’ ही आज्ञा हा दुवा पुन्हा जोडते. छोट्या लायब्ऱ्या हेच काम सोपे करतात.

पण दुवा जोडताना वर्गातील घडणीची कृती, म्हणजे कन्स्ट्रक्टर, चालत नाही. उणे त्रिज्या नाकारण्याची अट तिथे असेल, तर तीही टळते. त्रिज्या –७ आली, तरी क्षेत्रफळ बिनतक्रार सुमारे १५४ येईल! म्हणून आलेली माहिती आधी तपासावी, मगच दुवा जोडावा.