विश्लेषण : खिडकीतून पाणी नेमके कुठून येते? नवी बसवण्याआधी काय तपासावे?

जूनमध्ये पावसाची पहिली झड बसली, की पुण्यातील अनेक घरांत खिडकीखाली जुने टॉवेल आणि फडकी अंथरली जातात. नैऋत्य मोसमी वारे पश्चिमेकडून पाऊस घेऊन येत असल्याने पश्चिमेकडील खिडक्यांना हा त्रास अधिक. मग फॅब्रिकेटरला फोन जातो आणि तो येऊन ‘खिडकीच बदलावी लागेल’ असे सांगतो. हजारो रुपये खर्चून नवी खिडकी बसते, पण पुढच्या पावसात भिंत पुन्हा ओली होते. कारण अनेकदा दोष खिडकीत नसतो, तिच्या आजूबाजूला असतो.

पाणी शिरण्याच्या जागा कोणत्या?

पहिली जागा म्हणजे सरकत्या खिडकीची खालची पट्टी, अर्थात ट्रॅक. त्यात पावसाचे थोडे पाणी येणारच. ते बाहेर जावे म्हणून ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला बारीक छिद्रे असतात. ती धूळ, कबुतरांची घाण किंवा रंगाने बुजली, की ट्रॅक भरतो आणि पाणी घरात सांडते.

दुसरी जागा चौकट आणि भिंत यांमधील सांधा. तो नुसत्या सिमेंटने भरला असेल तर उन्हाने चौकट प्रसरण पावते, सांध्याला केसासारखी भेग पडते आणि तीतून पाणी झिरपते. तिसरी जागा खिडकीखालचा ग्रॅनाइट किंवा कडप्पा. त्याचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. तो आत असेल तर कोणतीही खिडकी बसवली तरी पाणी आतच येणार.

चौथी जागा खिडकीच्या वर असते. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल, तर पाणी छज्ज्याखालून सरकत भिंतीपर्यंत येते. बाहेरच्या भिंतीला तडा असेल तर पाणी तेथून शिरते आणि खिडकीच्या कोपऱ्यात दिसते.

घरच्या घरी तपासणी कशी करावी?

कोरड्या दिवशी ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओतावे. ते मिनिटभरात बाहेर गेले नाही, तर छिद्रे तारेने किंवा जुन्या ब्रशने साफ करावीत. अनेकांची तक्रार इथेच संपते.

त्यानंतरही गळती राहिली, तर बाहेरून पाइपने पाणी सोडून पाहावे. सुरुवात खालून करावी : आधी ट्रॅक, मग बाजूचे सांधे, शेवटी खिडकीच्या वरची भिंत. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटे पाणी सोडावे आणि आत एकाने लक्ष ठेवावे. ज्या टप्प्यावर ओल दिसेल, तिथे दोष. वरच्या मजल्यावर हे काम स्वतः बाहेर वाकून करू नये, सुरक्षा पट्टा वापरणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

प्रत्येक वेळी नवी खिडकी लागते का?

नाही. झडप जड सरकत असेल तर बहुधा तिच्या खालची चाके झिजलेली असतात, ती बदलता येतात. ट्रॅकमध्ये तेल घालू नये, त्यावर धूळ बसून चिखल होतो. वाऱ्याबरोबर तुषार आणि धूळ येत असेल तर झडपांच्या कडेचे रबर किंवा लोकरी पट्टी बदलावी.

पेठांतील जुन्या घरांच्या लाकडी खिडक्या पावसाळ्यात फुगतात आणि बसेनाशा होतात. तेव्हा घाईने रंधा मारू नये. हिवाळ्यात लाकूड आकसले, की तिथेच फट पडते. लाकूड वाळल्यावर घासून कडांनाही रंग लावणे हा उपाय अधिक टिकाऊ ठरतो.

चौकट वाकली असेल, गंजली असेल किंवा तिचे कोपरे सुटले असतील, तरच खिडकी बदलण्याचा विचार करावा.

दर चौरस फुटाचा, पण मोजतात कसे?

बहुतेक फॅब्रिकेटर चौरस फुटाचा दर सांगतात. माप मात्र प्रत्येक जण वेगळे धरतो. ४ फूट ७ इंच रुंद आणि ३ फूट १० इंच उंच खिडकीचे प्रत्यक्ष क्षेत्रफळ सुमारे साडेसतरा चौरस फूट भरते. तीच ५ बाय ४ धरली तर २० चौरस फुटांचे पैसे द्यावे लागतात. अशा आठ खिडक्यांमागे एका अख्ख्या खिडकीहून जास्त रक्कम वाढते. दर कमी सांगणाऱ्याचे एकूण बिल त्यामुळे जास्त येऊ शकते.

म्हणून दोन-तीन जणांकडून लेखी दरपत्रक घ्यावे. त्यात मोजण्याची पद्धत, अॅल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी सेक्शनची जाडी, काचेची जाडी, ट्रॅक दोन की तीन, जाळी, जीएसटी, फुटलेल्या गिलाव्याची दुरुस्ती आणि राडारोडा उचलण्याचा खर्च यांचा उल्लेख हवा. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही, त्यामुळे अंतिम माप जागेवर घेतल्याशिवाय काच मागवू देऊ नये.

सिलिकॉनबद्दलही विचारावे. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन सिमेंट आणि दगडासाठी योग्य नसते, तिथे न्यूट्रल प्रकारचे लागते. ओल्या भिंतीवर ते नीट चिकटत नाही. त्यामुळे हे काम मे महिन्यापर्यंत उरकलेले बरे.

खर्च कोणाचा?

ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील, तर स्वतःचे पैसे खर्च करण्याआधी बिल्डरला लेखी कळवावे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार या मुदतीत कळवलेला बांधकामाच्या दर्जातील किंवा कारागिरीतील दोष विनामूल्य दुरुस्त करणे हे प्रवर्तकाचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. मात्र मूळ खिडकी स्वतःहून काढून टाकली, तर दोष कोणाचा हे सिद्ध करणे कठीण जाते. पावसातले फोटो आणि व्हिडिओ तारखेसह जपून ठेवावेत.

जुन्या सोसायटीत पाणी बाहेरच्या भिंतीतून येत असेल, तर आधी उपविधी पाहावेत आणि समितीला पत्र द्यावे. इमारतीचे बाह्यरूप बदलणार असेल तर परवानगीही घ्यावी.

कंत्राटदाराने काम बिघडवले तर?

सगळी रक्कम आधी देऊ नये. काही भाग पाण्याची चाचणी होईपर्यंत राखून ठेवावा आणि तसे दरपत्रकातच लिहून घ्यावे. गळतीची हमी वेगळी आणि चाके, कुलूप यांची वेगळी असावी. तरीही वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही. तिथे उपयोगी पडते ते पक्के बिल. जीएसटी वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर काम उरकणाऱ्याच्या हाती नेमके तेच नसते.