मत्स्यपेटीची स्वच्छता : शेवाळखाऊ मासा की आपला हात?

जालना शहरात आणि जिल्ह्यातील तालुक्यांच्या गावीही आता दवाखान्यांत, दुकानांत, शाळांच्या व्हरांड्यांत आणि घरांच्या बैठकीत काचेच्या मत्स्यपेट्या दिसू लागल्या आहेत. पेटी नवी असताना पाणी आरशासारखे स्वच्छ असते. काही आठवड्यांत काचेवर आधी तपकिरी आणि मग हिरवा थर चढू लागतो. अशा वेळी बहुतेकांना एकच सल्ला मिळतो : "एक सकर मासा सोडा, तो सगळे साफ करील." हा सल्ला कितपत खरा आहे, त्यामागील शास्त्र काय सांगते आणि पाण्याची टंचाई सोसणाऱ्या आपल्या जिल्ह्यात मत्स्यपेटी कशी राखावी, याचा विचार आम्ही या लेखात मांडत आहोत.

शेवाळ का वाढते?

शेवाळ म्हणजे घाण नव्हे. प्रकाश आणि अन्नद्रव्ये मिळाली की पाण्यात वाढणारा तो एक सजीव आहे. नत्र आणि स्फुरद ही त्याची मुख्य अन्नद्रव्ये होत. पेटीत ही द्रव्ये येतात ती आपणच टाकलेल्या खाद्यातून. मासा खाद्य खातो. त्यातील थोडा भाग त्याच्या शरीरात राहतो आणि बाकीचा कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने व विष्ठेच्या रूपाने पाण्यात उतरतो. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते, त्याचाही अमोनियाच होतो.

अमोनिया माशांना विषारी असतो. पेटीतील वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर राहणारे उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य असते. ते पाण्यात साठत राहते. शेतकरी कुटुंबांतील आमच्या वाचकांना हे सहज उमगेल, कारण आपण पिकाला खताच्या रूपाने जे नत्र देतो तेच हे. शेतातल्या खतावर जसे तण माजते, तसे पेटीतल्या या खतावर शेवाळ माजते.

नदीला प्रवाह असतो, तिथे हे सारे पुढे वाहून जाते. काचेच्या पेटीला वाहणे ठाऊक नाही. जे आत पडले ते कोणीतरी बाहेर काढीपर्यंत आतच राहते. संपूर्ण प्रश्नाची किल्ली या एका वाक्यात आहे.

मासा काय करतो आणि काय करीत नाही

मत्स्यपेटीत सफाईसाठी दुसरा जीव ठेवण्याची कल्पना जुनी आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 साली तेथील केमिकल सोसायटीपुढे आपला एक प्रयोग मांडला होता. काचेच्या भांड्यात त्यांनी दोन लहान गोल्डफिश आणि पाणवनस्पती ठेवल्या. वनस्पतींमुळे माशांना प्राणवायू मिळाला. परंतु कुजलेली पाने आणि हिरवा थर यांनी पाणी बिघडू लागले. तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व थर खाल्ला आणि पाणी निवळले. प्राणी, वनस्पती आणि मृत भाग खाणारे जीव यांचा समतोल साधता येतो, हा धडा या प्रयोगाने दिला. मात्र त्या भांड्यात मासे दोनच होते आणि तेही लहान, हे विसरता कामा नये. आपल्या पेटीत दोन फुटांत पंधरा-वीस मासे असतात आणि त्यांना दिवसातून दोन-तीनदा खाद्य पडते. तेथे गोगलगायींचा समतोल पुरा पडत नाही.

शेवाळ खाणारा मासा काचेवरचा थर खरवडतो, हे खरे. परंतु खाल्लेले शेवाळ नाहीसे होत नाही. ते विष्ठा होऊन तळाशी पडते आणि त्यातले नत्र पुन्हा पाण्यात येते. काच थोडी स्वच्छ दिसते, पाणी मात्र आहे तसेच राहते. उलट पेटीत खाणारे आणखी एक तोंड वाढलेले असते. सकर मासा तर मोठी विष्ठा टाकणारा म्हणूनच हौशी मंडळींत ओळखला जातो.

दुसरी अडचण आवडीनिवडीची. नव्या पेटीतला तपकिरी थर आणि मऊ हिरवा थर हे मासे आवडीने खातात. निळसर हिरवा, बुळबुळीत, उग्र वासाचा जो थर पसरतो तो खरे तर जिवाणूंचा असतो आणि त्याला बहुतेक मासे तोंड लावीत नाहीत. दगडांच्या कडांवर वाढणारे काळे, केसाळ शेवाळही असेच उरते. शिवाय वरून तयार खाद्याच्या गोळ्या मिळत असतील, तर शेवाळ खाण्याची तसदी कोण घेणार?

तिसरी अडचण वयाची. चायनीज अल्गी ईटर या नावाने विकला जाणारा मासा लहानपणी शेवाळ खातो. मोठा झाला की भांडखोर होतो आणि इतर माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चोखू लागतो. ओटोसिंक्लस नावाचा इवलासा मासा त्या मानाने गुणी आहे. पण तो नाजूक असतो, कळपाने राहतो आणि पेटीतले शेवाळ संपले की उपाशी मरू शकतो. म्हणजे त्याचीही काळजी घ्यावी लागते.

पेटीतून तलावात

सकर मासा दुकानात बोटाएवढा असतो. दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा हा रहिवासी पुढे दीड फुटापर्यंत वाढतो आणि दहा वर्षांहून अधिक जगतो. दोन फुटांच्या पेटीत तो मावेनासा झाला की धनी विचार करतो, मारण्यापेक्षा तलावात सोडून द्यावा. हेतू दयेचा असतो. परिणाम मात्र फार वेगळा होतो.

या माशाच्या अंगावर कठीण कवच व काटे असतात, त्यामुळे आपल्याकडील शिकारी मासे आणि पक्षी त्याला सहसा खाऊ शकत नाहीत. पाण्यातील प्राणवायू कमी झाला तर तो वर येऊन हवा गिळतो आणि पोटावाटे श्वास घेतो. म्हणून उन्हाळ्यात आटत चाललेल्या गढूळ डोहातही तो तग धरतो. अंडी घालण्यासाठी तो काठात बिळे करतो, त्याने काठ ढासळतात. मेक्सिकोतील इन्फिएर्निलो जलाशयात तो फैलावल्यावर तेथील मच्छीमारांच्या उत्पन्नावर कुऱ्हाड आली. आपल्या देशात पश्चिम बंगाल, केरळ, तामिळनाडू या राज्यांतील पाण्यात तो स्थिरावला आहे आणि महाराष्ट्रात भीमेवरील उजनी जलाशयातही मच्छीमारांच्या जाळ्यात तो सापडतो. त्याचे काटे जाळी फाडतात आणि बाजारात त्याला भाव नाही. रोहू, कटला, मरळ यांवर पोट असलेल्या भोई बांधवांचे यात दुहेरी नुकसान होते.

जालन्यातील एखाद्या नाल्यात सोडलेला मासा जालन्यातच राहील असे नाही. कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. पुराच्या एका पाण्याने तो कितीतरी कोस खाली जाऊ शकतो.

जीवदान म्हणून प्राणी पाण्यात सोडण्याची प्रथा चीन, तैवान, थायलंड येथील बौद्ध समाजांत आहे. तेथेही बाजारातून आणलेले परदेशी कासव, बेडूक व मासे सोडल्याने स्थानिक जीवांची हानी झाल्याचे आढळले आणि आता तेथील जाणती मंडळी या प्रथेकडे नव्याने पाहत आहेत. करुणा एका जिवापुरती पाहून चालत नाही, त्या पाण्यातल्या सर्व जिवांचा विचार तिच्यात यावा लागतो. म्हणून नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या हौशी व्यक्तीकडे सोपवावा. तलावात, विहिरीत, नाल्यात मुळीच सोडू नये.

आपल्या हाताची रीत

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा पेटीत सुमारे 56 लिटर पाणी मावते. आठवड्यातून एकदा त्यातील चौथा हिस्सा, म्हणजे साधारण 14 लिटर पाणी बदलावे. ही जेमतेम एक बादली झाली. सारे पाणी एकदम कधीही बदलू नये. त्याने मासे दचकतात आणि जिवाणूंची घडी विसकटते.

आधी काच साबण न लागलेल्या स्पंजाने किंवा जुन्या दातांच्या ब्रशने आतून पुसावी. मग नळीचे एक टोक तळाच्या वाळूवर व दुसरे खाली ठेवलेल्या बादलीत धरून पाणी ओढून घ्यावे, म्हणजे विष्ठा व कुजके खाद्य त्याबरोबर निघते. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता याच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा, म्हणजे त्यातील उपयुक्त जिवाणू वाचतात. नवे पाणी नळाचे असेल तर ते एक दिवस बादलीत उघडे ठेवावे, कारण त्यातील क्लोरीन मासे व जिवाणू या दोघांनाही मारक असतो. गावाच्या टाकीत टीसीएल पावडर पडली असेल त्या दिवशी ही काळजी विशेष घ्यावी.

उन्हाळ्यात पेटीतील पाणी भराभर उडते आणि आपण वरून बोअरचे पाणी ओतत राहतो. येथे एक फसगत आहे. वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. क्षार मागेच राहतात. आपल्याकडील बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी आधीच जड असते, त्यामुळे भर घालता घालता क्षार वाढत जातात. काचेवरची पांढरी रेघ ही त्याचीच खूण होय. म्हणून पाण्याची भर घातली तरी ते बदलावे लागतेच.

शेवाळ मुळातच कमी यावे यासाठी पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नये, दिवा सहा ते आठ तासांपेक्षा अधिक लावू नये आणि दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. एवढे सांभाळल्यावर शेवाळखाऊ मासा किंवा गोगलगाय आवडीने ठेवायला हरकत नाही. मात्र तो मदतनीस आहे, कामाचा धनी नव्हे. डासांच्या अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांचेही असेच आहे. आरोग्य खाते ते टाक्यांत सोडते, पण आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यासही सांगते.

टंचाईच्या जिल्ह्यात बादलीभर पाणी ओतून द्यावे का, असा प्रश्न कोणी विचारील. 2012-13 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांनी तो विचारायलाच हवा. उत्तर असे की ते पाणी ओतून द्यायचे नसतेच. त्यातले नत्र झाडांना उपयोगी असते. तुळशीला, कढीपत्त्याला, अंगणातल्या लिंबाला ते घालावे. तेवढीही बादली परवडणार नसेल, तर मासे कमी ठेवावेत किंवा पेटीच ठेवू नये. मुक्या जिवांना आपल्या हौसेपायी घाण पाण्यात ठेवणे योग्य नव्हे.

शेवटी

घाणेवाडीच्या जलाशयाने जालना शहराची तहान निजामकाळापासून भागवली. त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. वर्षानुवर्षे तेथे गाळ साठला, तेव्हा तो कोणत्याही जिवाने खाऊन संपवला नाही. लोकांनी पुढाकार घेऊन तो उपसला, शेतकऱ्यांनी रानात नेऊन टाकला आणि तलावाची साठवण वाढली. पेटीचे आणि तलावाचे गणित एकच आहे.

'हा सफाईसाठीच जन्मलेला जीव' असे दुकानात सहज म्हटले जाते. जन्मावरून सफाईचे काम वाट्याला येण्याचा अर्थ आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. म्हणूनच आपल्या वसतिगृहांत खोली, अंगण आणि न्हाणीघर यांच्या सफाईची पाळी प्रत्येकाला येते. कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. ज्या घरी मत्स्यपेटी आहे तेथे रविवारची ती एक बादली मुलांकडे सोपवावी, अशी आमची पालकांना विनंती आहे. नत्राचे चक्र ती पुस्तकाआधी हाताने शिकतील.