बिअरनिर्मितीतील मॅशिंग यंत्रणेचे यांत्रिक बिघाड : कारणमीमांसा व निदान

प्रास्ताविक :
मोड आणून वाळवलेल्या बार्लीस माल्ट म्हणतात. माल्टचा भरडा गरम पाण्यात कालवून त्यातील पिष्टाचे विकरांच्या साहाय्याने शर्करेत रूपांतर करणे म्हणजे मॅशिंग होय. पूर्वी ब्रिटनमधील मद्यशाळांत हे मिश्रण लाकडी वल्ह्यांनी ढवळले जाई. मिश्रण घट्ट झाले की ते कामगाराच्या हातांना प्रथम कळे. यंत्रे आल्यानंतर हाच संकेत मोटरच्या विद्युतप्रवाहात व दाबमापकाच्या काट्यात दिसू लागला. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर परिसरात बिअर उद्योग विकसित झालेला असल्याने रसायनशास्त्र, अन्नतंत्रज्ञान व यंत्र अभियांत्रिकीच्या अध्यापनात या विषयास व्यावहारिक महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात या संकेतांवरून बिघाडाचे मूळ कसे शोधावे, याचे विवेचन केले आहे.

यंत्रणेचे स्वरूप :
मॅश टनमध्ये मिश्रण ढवळत प्रथम सुमारे ६२ ते ६५ अंश व नंतर ७० ते ७२ अंश सेल्सिअस तापमानास ठेवतात आणि शेवटी ते सुमारे ७८ अंशांपर्यंत नेतात. त्यानंतर ते लॉटर टनमध्ये जाते. त्याच्या जाळीदार तळावर चोथ्याचा थर बसतो आणि त्यातून गोड अर्क, म्हणजे वर्ट, गाळला जातो. खरी गाळणी जाळी नसून माल्टची टरफले असतात. जाळी केवळ त्यांना आधार देते. थर मोकळा ठेवण्यासाठी फिरते दाते बसवलेले असतात.

प्रमुख बिघाड व निदान :
१) गाळण थांबणे : थराच्या वरचा व जाळीखालचा दाब यांतील फरक वाढणे हे याचे पहिले लक्षण होय. अशा वेळी पंपाचा वेग वाढवण्याचा मोह होतो. परंतु त्यामुळे जाळीखालील ओढ वाढून थर अधिक घट्ट बसतो व जाळीचे पत्रे वाकण्याचा धोका निर्माण होतो. योग्य उपाय उलट आहे. पंप थांबवावा, जाळीखालून गरम पाणी सावकाश सोडून थर उचलावा, दात्यांनी तो कापावा आणि वर्ट स्वच्छ होईपर्यंत पुन्हा वरून फिरवावा.

२) ढवळणीची मोटर बंद पडणे : अतिभार रिले पुनःपुन्हा पूर्ववत करून मोटर चालवणे घातक असते. त्यामुळे मोटरची वाइंडिंग जळू शकते किंवा गिअरचे दाते तुटू शकतात. प्रथम तिन्ही फेजमधील प्रवाह मोजावा. एक फेज गेली असल्यास दोष वीजपुरवठ्यात किंवा जोडणीत असतो. पुरवठा योग्य असल्यास पुढील घाणा घेण्यापूर्वी भांडे रिकामे असताना मोटर चालवून पाहावी. रिकामे असतानाही प्रवाह जास्त असल्यास दोष बेअरिंग, गिअरबॉक्स किंवा वाकलेल्या दांड्यात असतो. तो योग्य असल्यास मिश्रणाचा घट्टपणा किंवा भरड्याच्या गुठळ्या तपासाव्यात.

३) पंपाचा खडखडाट : पंपात खडे पडल्यासारखा आवाज आला की बेअरिंग बदलले जाते. मात्र ७८ अंशांचा द्रव ओढताना चोषण बाजूचा दाब फार घटल्यास द्रवातच वाफेचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना असा आवाज येतो. वेग कमी करताच आवाज थांबला, तर प्रथम चोषण नळी व तिची झडप तपासावी.

४) सील गळणे : गळणारा शर्करायुक्त द्रव वाळून सीलच्या पृष्ठभागांवर चिकटतो व ते खरवडले जातात. गिअरबॉक्समधील तेल दुधाळ दिसणे म्हणजे त्यात पाणी शिरल्याची खूण होय.

कारणांची साखळी :
बिघाड जेथे दिसतो तेथेच त्याचे मूळ असते असे नाही. भरडणी यंत्राचे रूळ झिजले किंवा त्यांतील अंतर चुकले, तर टरफले फाटतात व पीठ वाढते. परिणामी थर घट्ट बसतो, दात्यांवरील भार वाढतो आणि अखेरीस गिअरबॉक्स निकामी होतो. केवळ गिअरबॉक्स बदलल्यास काही काळाने तोच बिघाड पुन्हा उद्भवतो. म्हणून भरड्याचा नमुना चाळणीसंचातून नियमित तपासावा. तापमापक चुकीचे दाखवत असल्यास विकर अकाली निष्क्रिय होतात. अशा वेळी आयोडीन चाचणीत निळा-काळा रंग येतो आणि पिष्ट शिल्लक असल्याचे समजते.

सुरक्षितता :
घाणा अडकला की घाई सुरू होते, कारण मिश्रण थंड होत गेल्यास ते आंबू लागते. हीच घाई अपघातास कारणीभूत ठरते. झाकण उघडून दात्यांत अडकलेला चोथा हाताने काढणे किंवा आत उतरणे जिवावर बेतू शकते. मुख्य वीजपुरवठा तोडून त्यास कुलूप लावणे, वाफ व गरम पाण्याच्या झडपा बंद करणे, भांडे थंड करून आतील हवा तपासणे आणि बाहेर एक व्यक्ती उभी ठेवणे, या क्रमाशिवाय कोणीही आत जाऊ नये. कुलपाची किल्ली आत जाणाऱ्याच्याच ताब्यात असावी.

निष्कर्ष :
मॅशिंग यंत्रणेतील बिघाडाचे निदान हे यंत्र व धान्य या दोहोंचे एकत्रित निदान असते. निरीक्षण, मापन आणि मगच उघडणी, हा क्रम पाळल्यास अनावश्यक सुटे भाग बदलणे टळते. दाब, प्रवाह व तापमान यांची प्रत्येक घाण्याची नोंद ठेवल्यास बिघाड पूर्ण रूप घेण्यापूर्वीच ओळखता येतो. एक घाणा वाया गेला तरी तो पुन्हा घेता येतो; कामगाराच्या जिवाबाबत तसे म्हणता येत नाही.