डूला: प्रमाणपत्र की प्रशिक्षण?
अमेरिकेत बाळंतिणीला घरी मदत करणाऱ्या डूलाला परवान्याची सक्ती नाही; ‘डोना इंटरनॅशनल’सारख्या संस्थांचे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. ‘मेडिकेड’ या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेतून मोबदला हवा असेल, तर मात्र अनेक राज्ये प्रशिक्षणाचा किंवा अनुभवाचा पुरावा मागतात. अनुभवी हाताला कागद कशाला, हा आक्षेप निम्माच खरा. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने शिकवून तयार केलेल्या गावातल्याच स्त्रियांनी घरोघरी नवजातांची काळजी घेतली आणि या बाळांचा मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला, असे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील अभ्यासात दिसले. त्या डूला नव्हत्या, पदवीधरही नव्हत्या; पण प्रशिक्षण आणि देखरेख पक्की होती. डूला उपचार करत नाही, तरी बाळंतिणीचा ताप, अतिरक्तस्राव किंवा बाळाची धाप तिला वेळीच ओळखता यायला हवी. म्हणून डूला नेमताना प्रमाणपत्राआधी प्रशिक्षणाची चौकशी करा.