लेट फी, जीएसटी वेगळा

सकाळी 6.35. डोंबिवली. लोकलमध्ये उभं राहायला जागा मिळाली, हेच खूप. ठाण्याला गाडी बदलायची, मग ट्रान्स-हार्बरने ऐरोली. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाला वीस रुपये. क्रेडिट कार्डाच्या कॉल सेंटरमध्ये फोन घेण्याचे तिच्या हातात महिन्याला पडतात साडेएकवीस हजार.

7.45. मोबाइल लॉकरमध्ये. कागद-पेनही बाहेरच. कुणी कार्डाचा नंबर उतरवून घेऊ नये म्हणून हा नियम. आकडेमोड स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरवर, नाहीतर बोटांवर. हेडसेटचा फोम फाटलाय. नवी जोडी साठ रुपयांना मिळते, ती स्वतःच आणायची.

8.00. पहिला फोन कोल्हापूरचा. बिल 12,300 चं, ऑटो-डेबिट लावलेलं. त्या दिवशी खात्यात 12,260. "चाळीस रुपये कमी होते हो ताई!" ऑटो-डेबिट परत गेलं. त्याला कळलं सहाव्या दिवशी. लेट फी 750, त्यावर अठरा टक्के जीएसटी 135. झाले 885. त्याच्या बँकेने चेक परतीसारखा दंड लावला तो निराळा.

ती त्याचं मागचं वर्ष उघडते. एकही बिल चुकलेलं नाही, फीची माफीही घेतलेली नाही. स्क्रीनवर हिरवी खूण येते. "सर, फी रिव्हर्स करते. पैसे खात्यात नाही येणार, पुढच्या बिलात वजा होतील." तो दोनदा आभार मानतो. हिरवी खूण नसती तर तिच्या हातात काही नव्हतं. हे फोन करणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून शिव्या तिला बसतात.

10.20. "मी पाच तारखेलाच ॲपवरून भरले!" पाच ही शेवटची तारीख. बँकेकडे रक्कम जमा झाली नऊला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला, तरच लेट फी लावता येते. इथे झाले चार. पण उशीर ग्राहकाचा की ॲपचा? ती व्यवहार क्रमांक मागते. तो सापडायला सहा मिनिटं लागतात. तोवर तिचं घड्याळ लाल झालेलं असतं. एका फोनला सरासरी पाच मिनिटं, असं तिचं टार्गेट आहे. तक्रार नोंदवते, नंबर देते.

1.10. जेवण, अर्धा तास. पोळी, भेंडी. कँटीनचा चहा बारा रुपये, तो ती एकदाच घेते.

2.30. हा फोन रोज येतो, फक्त माणूस बदलतो. "मी मिनिमम भरला ना, मग व्याज कसलं?" मिनिमम भरलं की लेट फी वाचते, व्याज नाही वाचत. चाळीस हजार थकले की महिन्याला 3.75 टक्क्यांनी 1,500 व्याज, वर जीएसटी 270. नवी खरेदीही पहिल्या दिवसापासून व्याजात. वर्षाचे 45 टक्के. गावचा सावकारही इतकं उघड सांगायला कचरला असता. पलीकडचा माणूस गप्प होतो. "बिलाच्या मागच्या पानावर आहे, सर," ती म्हणते. आहेच, बारीक अक्षरात.

3.50. साताऱ्याच्या आजोबांना घरबसल्या कार्ड आलं होतं. कधी सुरूच केलं नाही, तरी वार्षिक फी लागली आणि ती भरली नाही म्हणून लेट फी. न मागता दिलेल्या कार्डाचे पैसे मागताच येत नाहीत. ती टीम लीडरला हाक मारते. तो हेडसेट कानाला लावून ऐकतो, दोन्ही फी काढतो, कार्ड बंदची विनंती टाकतो. अकरा मिनिटं गेली. "हा कॉल महाग पडला," तो म्हणतो.

5.05. लॉग आउट. दिवसाची सरासरी सहा मिनिटं दहा सेकंद. महिन्याचा इन्सेन्टिव्ह बहुधा गेलाच.

तुम्हाला असा फोन करावाच लागला, तर व्यवहार क्रमांक समोर घेऊन बसा. पैसे शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी भरा. तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे तक्रारीला पैसे पडत नाहीत. चौकशीचा नंबर 14448.