फिरोजशहा मेहता: जाब कुणाला विचारायचा?

सीएसएमटीहून बाहेर पडलं की समोर महापालिकेच्या इमारतीपुढे फिरोजशहा मेहतांचा पुतळा दिसतो. आपण त्यांना काँग्रेसचे नेमस्त पुढारी म्हणून ओळखतो. 1890 च्या कलकत्ता अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. आज मात्र आपण सुरुवात करू ती 1871 सालच्या एका सभेपासून.

मेहतांचा जन्म 1845 चा. लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन ते 1868 मध्ये मुंबईला परतले. पुढे वकिली उत्तम चालली, विशेषतः मुंबईबाहेरच्या कोर्टांत. त्या तपशिलात आपण शिरत नाही. तेव्हा मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते आर्थर क्रॉफर्ड, हो, तेच मार्केटवाले. त्यांनी शहर झपाट्यानं सुधारलं, पण पैसाही पाण्यासारखा ओतला. करदाते चिडले. एका माणसाच्या हाती कारभार नको, समितीकडे द्या, अशी मागणी जोर धरू लागली.

फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्विशीतल्या मेहतांनी निबंध वाचला आणि नेमकं उलट सांगितलं. सभा खवळलीच! मुद्दा वकिलाचा होता, पण आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांनाही तो मोलाचा वाटतो. समितीकडून चूक झाली तर दोष कुणाचा? सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही. तेव्हा अंमलबजावणी एकाकडेच ठेवा, आणि त्याला जाब विचारायला करदात्यांनी निवडलेलं सभागृह आणा. क्रॉफर्डांवर देखरेख होती ती सरकारनं नेमलेल्या जस्टिसांची. खरं दुखणं तिथं होतं.

1872 च्या कायद्यानं 64 सभासदांचं सभागृह आलं, त्यातले 32 करदात्यांनी निवडलेले. (मत अर्थात ठरावीक कर भरणाऱ्यांनाच.) पुढे 1888 चा कायदा घडवताना कायदेमंडळात मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग दोघेही होते.

हे सभागृह सरकारी गोऱ्या मंडळींना किती खुपत होतं, ते 1907 मध्ये दिसलं. त्यांनी जूट करून मेहतांना निवडणुकीत पाडलं. जागा 16, मेहता 17वे! निवडून आलेल्या एकाची निवड पुढे रद्द ठरली, म्हणून ते परत आले.

मुंबईचा कारभार आजही 1888 च्याच कायद्यावर चालतो. 2022 च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आणि आयुक्तच प्रशासक झाले. मेहतांच्या निबंधाचा पहिला अर्धाच भाग तेव्हा उरला होता.