भूमिकाखेळातील सहकार्य व न्यायबुद्धी

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. मेजाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळांचा तो आद्य नमुना होय. यात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होतो. संचालक प्रसंग कथन करतो. आपले पात्र काय करील, हे खेळाडू सांगतात. आणि जेथे यश अनिश्चित असेल तेथे वीस बाजूंच्या फाशाने निर्णय होतो.

येथे सोबत्यास हरवावयाचे नसते. योद्ध्याजवळ बळ असते, पण मंत्रविद्या नसते. मांत्रिकाजवळ विद्या असते, पण घाव सोसण्याची शक्ती नसते. साहजिकच एकमेकांवाचून कोणाचेच चालत नाही.

तथापि, केवळ नियमांनी सहकार्य साधत नाही. धीट खेळाडू सर्वांच्या वतीने बोलू लागला, की लाजाळू खेळाडू नुसता श्रोता उरतो. चांगला संचालक अशा वेळी त्याच्याकडे वळून 'तुझे पात्र काय करते?' असे विचारतो. शत्रूची भूमिका करणारा तोच आणि न्याय देणाराही तोच. म्हणून त्याचा निःपक्षपातीपणा हाच खेळाचा प्राण होय.

वर्गातही हे साध्य आहे. पुराने वेढलेल्या गावाची कथा घ्यावी. पाच मुलांस नावाडी, वैद्य, सुतार अशा भूमिका द्याव्यात. साधा सहा बाजूंचा फासा सर्वांसमक्ष टाकावा. प्रत्येकजण बोलल्यावाचून दुसरी फेरी मात्र सुरू करू नये. एरवी न बोलणारे मूल पहिल्यांदा बोलेल, ते बहुधा अशाच पाळीत.